राखण

तीन बाया कापसात वाकल्या होत्या आणि रिना एकटी ताठ उभी होती.

हातात काठी, पायाशी तेलाचा रिकामा पिपा. राजुऱ्याच्या या बाजूला आता असाच कापूस वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. शेजारच्या शिवारातली बाई वाकलेलीच गेली, तेव्हापासून एकीनं उभं राहायचं, तुरीच्या ओळींवर नजर ठेवायची, बाकीच्यांनी वेचायचं. जंगलखात्याचे साहेब लोक जीपमधून सांगून गेले, शेतात जाऊ नका. जसा काही कापूस आपल्या पायानं घरी येणार होता. वाघ दिसला म्हटलं की गावातले गडी मोबाईल घेऊन शूटिंग काढायला धावतात. राखणीला एक मायचा लाल येत नाही. पंधरा ऑगस्टला मात्र याच लोकांनी जवानाची बायको म्हणून रिनाला खुर्चीत बसवलं होतं, शाल-नारळ दिला होता.

जवान तिकडं सरहद्दीवर. टीव्हीवर तिकडच्या गोळीबाराची बातमी आल्यापासून संघपालचा फोन नव्हता. त्याची माय आशाबाई रोज टीव्ही लावायची आणि लगेच बंद करायची. सासू-सुना एकमेकींशी मिठाचं, सरपणाचं तेवढं बोलत.

"तुहा नवरा तिकडं बंदूक घेऊन, तू इकडं काठी घेऊन," बुधरी वाकल्या-वाकल्याच म्हणाली. "पगार मात्र त्यालेच."

दीपिका हसली. आशाबाई वेचत राहिली.

तेवढ्यात रिनाच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिनं काढून पाहिला. अनोळखी नंबर. संघपाल चौकीवरून मिळेल त्याच्या फोनवरून लावायचा, दरवेळी नंबर वेगळा. पण ती दुसरी बातमी द्यायची झाली, तर तिथला साहेबही अनोळखी नंबरावरूनच लावणार.

बोट बटणावर गेलं आणि दीपिकाच्या पाठीमागची तूर हलली. वारा नव्हता. एकच ओळ हलली, बाकीच्या जागच्या जागी. तुरीला पिवळा फुलोरा आला होता. पण हे पिवळं वर नव्हतं, बुडाशी होतं.

रिनानं पिप्यावर काठी हाणली. "उठा. पळू नका."

बाया उठल्या, पाठीला पाठ लावत रिनाच्या मागं सरकल्या. बुडाशीचं पिवळं थांबलं. थांबलं, पण गेलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला. आता नजर हटली की कारभार आटोपला, हे रिनाला कोणी शिकवायला नको होतं.

फोन पुन्हा वाजला.

"उचल ना वं," आशाबाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

रिनानं न वळता हात मागं केला. "आई, तुमी उचला."

फोन हातातून गेला. मागं कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या, मग तेही थांबलं. बुधरी आणि दीपिका आता म्हातारीच्या तोंडाकडं पाहत असणार. रिना तुरीकडं पाहत राहिली. रिनाच्या मनात आलं, म्हातारी मटकन खाली बसली की समजायचं. आणि बसली तर आधी तिला उठवायचं, रडायचं मग. बसलेलं माणूसही वाघाला जनावरच दिसतं.

"बोल रे बाबू," आशाबाई म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

रिनानं काठी जमिनीत रोवली आणि तिच्यावर भार दिला. तूर पुन्हा हलली. या वेळी थोडी अलीकडं.

"तुलेच मांगून राह्यला तो," आशाबाई नाक पुसत म्हणाली. "रिना कुठी हाये म्हणते. दे म्हणते तिले."

रिनानं पापणी हलवली नाही.

"घरी हाये म्हणा. भाकरी टाकून राह्यली, हात पिठाचे हायेत म्हणा. अन् लवकर ठेवा, आई. मले पिपा वाजवाचा हाये."