गाईचं लॅटिन

कॉलेजच्या जेवणघरात टपाल वाटलं जात होतं आणि हुल्डाचं पाकीट तिच्याआधी सगळ्या टेबलाने पाहून घेतलं होतं. पाकिटावर चष्मा लावलेली गाय होती. आत पत्र असं नव्हतंच, नुसती चित्रं. गाय पुस्तक उघडून लॅटिन शिकते आहे, कोंबड्या बाकांवर ओळीने बसून पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकता ऐकता पेंगताहेत. खाली दोन ओळी : गाईची परीक्षा झाली. 'मू'पुढे गाडी गेली नाही.

मुली खो खो हसल्या. त्यांतल्या कॉर्नेलियाचे वडील बोस्टनला वकील होते. त्यांची पत्रं छापल्यासारखी यायची. ती सहज म्हणाली, "हुल्डा, तुमच्या घरी कुणाला लिहिता येत नाही का गं?"

त्या वर्षी मुलींच्या कॉलेजात व्हरमाँटच्या खेड्यातून आलेली हुल्डा एकटीच. वडील लाकडी पिंपं बांधायचे. पहिल्या बर्फापासून दर आठवड्याला हे असलं काहीतरी यायचं, आणि खोलीत एकटी असली की ती पोट धरून हसायची. पण त्या संध्याकाळी तिने वडिलांना लिहिलं : मी आता लहान नाही. इथे माझं हसं होतं. इतरांचे वडील लिहितात तसं शहाण्यासारखं लिहीत जा.

वडिलांनी ऐकलं. पुढची पत्रं सरळ, नीटनेटकी आली. बर्फ अजून वितळलेलं नाही. लाकूड महागलं. आई ठीक आहे. टेबलावर कुणी हसलं नाही. होता होता हुल्डा ती पत्रं दुसऱ्या दिवशी उघडू लागली.

मार्च सरता सरता तार आली. ती घरी पोचली, तेव्हा आई गेली होती. छातीचं दुखणं पानगळीपासूनच होतं म्हणे. पोर शिक्षण सोडून धावत येईल, म्हणून आईने कळवू दिलं नव्हतं.

माती देऊन परतताना बापलेक गाडीत शेजारी बसली होती. वडील घोडा हाकत होते. मग हुल्डा म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला फार तोडून लिहिलं. तुमची चित्रं मला आवडायची."

"माझी कसली?" वडील म्हणाले. "मला असलं कधी सुचतंय? मी आपला सांगेल तशा रेघा ओढायचो. सुचायचं तुझ्या आईला. अंथरुणात पडून आठवडाभर तेच चालायचं, गाईला आता काय शिकवू नि कोंबड्यांना कुठे बसवू."

हुल्डाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला विचारायचं धाडस होईना. तरी तिने विचारलं, "माझं पत्र वाचून आई काय म्हणाली?"

वडिलांनी लगाम सैल सोडला.

"काही नाही. पोर मोठी झाली म्हणाली. मग थोड्या वेळाने मला विचारलं, 'आता मी दिवसभर काय करू, हो?'"