ब्लासची खुर्ची

"माणूस नसलेली खुर्ची जप्त होते, बाई," हिनेस तिसऱ्यांदा म्हणाला. "फलकावर लिहिलंय."

"मग फलकालाच सांग उचलायला," कातालिना म्हणाली आणि बदाम फोडत राहिली.

हिनेसला पोलिसात लागून महिना झाला होता, समुद्रकाठच्या कालारुबियात येऊन आठ दिवस. गडी दूरच्या पठारावरचा. तिकडे पाणी म्हणजे विहिरीत दिसेल तेवढंच. इथे हातभर वाळूसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसत. उजाडायच्या आत येऊन छत्र्या रोवायच्या, पहिली रांग धरायची आणि घरी जाऊन पुन्हा झोपायचं, ही इथली रीत. जवळ माणूस नसलेलं सगळं उचलून गाडीत भरायचं, ही हिनेसची नोकरी.

त्यात ते नवं हॉटेल. चंचुप्रवेश म्हणतात तो असा: पहिल्या वर्षी पाहुण्यांना ऊन खायला दहा निळ्या खाटा, मग चाळीस, मग अर्धा किनारा. आता खाटा आणि खडक यांच्यामध्ये चौदा पावलं वाळू उरली होती. गावची माणसं तिथूनच पाण्यात उतरत. त्या वाळूच्या मधोमध कातालिनाच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत ती स्वतः, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काळ्या झग्यात. दुसरीत नुसती गवती टोपी. ती दुसरी खुर्ची हलली की खाटा थेट खडकाला भिडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"खुर्ची कुणाची?" हिनेसनं विचारलं.

"नवऱ्याची. ब्लास कार्बोनेलची."

"मग ते कुठे आहेत?"

कातालिनानं हनुवटीनं समुद्र दाखवला. "गेला पाण्यात. जाताना म्हणाला, खुर्ची राखून ठेव. ठेवलीय."

हिनेसनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. "माफ करा, बाई. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिनं त्याच्या छातीवरच्या टोपीकडे पाहिलं. मग तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "असू दे. तुला कोण सांगणार."

तेवढ्यात खडकाकडून एक म्हातारा निथळत वर आला. हिनेस त्याला ओळखत होता. गाव त्याला खेकड्या म्हणे. इथे सगळ्यांचंच तसं होतं. पाववाला कोंबडा, टपालवाली गोगलगाय. बाप्तिस्म्याचं नाव फक्त कागदावर आणि थडग्यावर.

"खेकड्या," तो तोंड उघडायच्या आत कातालिना म्हणाली, "हा पोरगा ब्लासची चौकशी करत होता. टोपी काढून."

खेकड्या थबकला. त्याचं तोंड विटकरी आणि कपाळाचा वरचा भाग भाकरीच्या पिठासारखा पांढरा होता. "बिचारा ब्लास," तो शेवटी म्हणाला. "माझ्याइतकं त्याला कुणीच ओळखत नाही. फार भला माणूस."

"पुरे," कातालिना म्हणाली. "इतकाही नाही."

खेकड्या रिकाम्या खुर्चीत बसला नाही. गुडघे धरून, कण्हत, शेजारी वाळूवर टेकला. हे हिनेसच्या फार मनाला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याला दिसू लागलं, की खुर्चीजवळून जाताना अख्खं गाव छातीवर क्रूस काढतं. गोगलगाय रोज त्या टोपीशी दोन अंजिरं ठेवी. कोंबडा तर एकदा डोळ्यांना रुमाल लावून घाईघाईनं निघून गेला, खांदे हलत होते बिचाऱ्याचे. आपण या दुःखावर गाडी घालायला निघालो होतो, या विचारानं हिनेसला लाज वाटली.

चौकीतल्या साहेबांना लाज वाटली नाही. "शनिवारपर्यंत खुर्ची हलली नाही, तर तू परत पठारावर जा, शेळ्या राख," ते म्हणाले.

शनिवारी हॉटेलाचा व्यवस्थापक फेरांदिस स्वतः आला, बरोबर चार हमाल आणि वीस खाटा.

"उचला," तो खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला.

"उचल की," कातालिना म्हणाली. "पण आधी मला उचल, बसल्या जागी. सत्तर किलो आहे मी, आणि चावते."

लोक जमले. एकेक जण येऊन खुर्चीभोवती वाळूत बसला. हमाल एकमेकांकडे बघू लागले.

"पोलीस," फेरांदिस म्हणाला, "तुम्ही पगार कशाचा घेता?"

हिनेसला आपल्या गावचं दफन आठवलं, आईचं. तो पुढे झाला आणि हमालांच्या आडवा उभा राहिला.

"गेलेल्या माणसाच्या जागेला हात लावाल तर मीच तुम्हाला गाडीत भरीन. जातो मी शेळ्या राखायला. पण आधी पंचनामा होईल."

तिथेच मांडीवर कागद ठेवून त्यानं लिहिलं: सदर खुर्ची कै. ब्लास कार्बोनेल यांच्या स्मृतीची असून गावाच्या भावना तीत गुंतल्या आहेत. हॉटेलाच्या खाटांनी खडकापासून चौदा पावलं लांब राहावं. आजपासून, कायमचं.

"पंच कोण?" फेरांदिसनं दात खात विचारलं.

गर्दीत चुळबूळ झाली. कातालिनानं डोळे मिटले.

"मी," खेकड्या म्हणाला. इतक्या लोकांसमोर ऊर भरून आला होता त्याचा. ओले हात चड्डीला पुसून, जीभ दातांत धरून, त्यानं सावकाश सही केली. खाटा माघारी गेल्या, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

चौकीत येऊन हिनेसनं कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, साहेबांच्या सहीसाठी आत पाठवला. साहेबांनी न वाचताच सही ठोकली. कागद परत आला, तेव्हा वहीत पंचाचं नाव नोंदवायचं राहिलं होतं. खेकड्या असं लिहून चालणार नव्हतं. म्हणून हिनेसनं खालची सही नीट पाहिली.

थोरल्या, गोल, शाळकरी अक्षरांत लिहिलं होतं: ब्लास कार्बोनेल.