गावातच आडवा पडणारा नारळ

"पूनमसिंग, बाहेरगावी तुहा नारळ टणकन उभा राह्यते, अन् आपल्याच शिवारात फसते काहून?"

रामरावांनी विचारलं तसा पारावर हशा पिकला. पूनमसिंग तांड्यातला पाणाड्या. तळहातावर नारळ ठेवून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथं बोअर. कळंबकडे त्याचा शब्द खाली पडत नसे. गावात मात्र त्यानंच जागा दाखवलेले रामरावांचे चार बोअर कोरडे गेले होते.

पूनमसिंग नुसता हसला. रंजिताला, त्याच्या लेकीला, ते हसू झोंबलं. बापाच्या नारळाच्या लाजेनंच ती शिकली होती. आता तिची संस्था उपग्रहातून पृथ्वीची ओढ मोजायची. अतिथंड केलेले अणू त्यावरच्या यंत्रात ओढीतला केसाएवढा फरकही टिपत. जमिनीतलं पाणी आटलं की ओढ कमी. जिल्हा वर्षागणिक हलका होत चालला होता.

ते आकडे पडताळायला ती तसलंच छोटं यंत्र घेऊन माहेरी आली होती, कडेवर अकरा महिन्यांची अंजू. दिवाळीत मोजून गेली होती, आता होळीला पुन्हा मोजलं. सगळीकडची ओढ घटली होती, तांड्यामागचा, रामरावांच्या शेताच्या धुऱ्यालगतचा एक पट्टा सोडून.

"तिथं पाणी हाये. रामरावकाकांले सांगतो मी," ती म्हणाली.

याडी, तिची आई नंदाबाई, तांड्याच्या विहिरीच्या पाण्यानं अंजूला न्हाऊ घालत होती. पूनमसिंगनं नातीचं ओलं डोकं पुसलं.

"सारंच सांगू नाही, माय. राहू दे."

"मी तुहीच लाज झाकून राह्यली, बा!"

तिनं दाखवलेल्या पट्ट्यात रामरावांनी बोअर घेतला, आणि एकशेऐंशी फुटांवर पाण्याचा फवारा उडाला. "बापाहून लेक हुशार!" म्हणत रामरावांनी तिच्या गळ्यात हार घातला. अंजूला छातीशी धरून ती रडली. बाप तेवढा आला नव्हता.

अंजूच्या वाढदिवसाला ती पुन्हा आली, तेव्हा रामरावांची संत्र्याची बाग हिरवीगार होती. याडी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. पूनमसिंग विहिरीच्या काठावर बसला होता. रंजितानं बादली सोडली. ती खडकावर आपटली.

तिनं विचारलं, "बा, पाणी या पट्ट्यातच हाये, हे तुह्या नारळाले कधी समजलंच नाही का?"

पूनमसिंगनं अंजूला मांडीवर घेतलं.

"पहिल्याच दिवशी समजलं होतं, माय. म्हणून तं तीस वर्सं रामरावाले दुसरीकडं फिरवलं."