बैल ज्याचा त्याला

निजामाच्या राज्यात त्या साली बैलचोऱ्या फार वाढल्या होत्या. पुसेगावच्या वाटेवर एक अनोळखी माणूस बैल घेऊन चाललेला दिसला, तेव्हा दाजीबा पाटलांनी बंदूक उचलून “थांब!” म्हणून आवाज दिला. बंदूक बघताच तो कासरा टाकून ज्वारीत पळाला. पाटलांनी त्याच्या पाठीत गोळी घातली.

“पाटील, माणूस मेला की हो,” बैलांना नाल ठोकणारा गुलाम नबी हळूच म्हणाला.

“चोर नव्हता, तर पळाला काहून?”

हे साऱ्यांनाच पटलं. आता बैल ज्याचा त्याला पोचवायचा, म्हणून कपाळाला गुलाल लावून त्याला मोकळा सोडला. जनावर आपलं घर बराबर ओळखतं. गाव पाटलांचा जयजयकार करत बैलामागं निघालं.

बैल तांड्याकडं वळला आणि एका झोपडीपुढं, आपल्या खुंट्याशी जाऊन उभा राहिला. आतून एक बाई पाण्याची बादली घेऊन आली. पाटलांनी बंदूक पाठीमागं लपवली.



“बैल आणून सोडला, लई उपकार झाले, पाटील. आमचे मालक मागून येऊन राहिले का?”