दुसरा डबा

"आलं का?" बायकोनं वरून विचारलं.

"अजून नाही. तू ओतत राहा."

तो गाडीखाली उताणा पडला होता आणि ती बॉनेट उघडून वर उभी होती. तिच्या हातात गिअर ऑइलचा डबा, समोर नरसाळं, आणि नरसाळ्याला लावलेली नळी इंजिनाच्या आडून खाली, थेट त्याच्या नाकासमोरच्या भोकात गेलेली. गिअरची पेटी भरली की त्या भोकातून तेल बाहेर ओघळतं. ते ओघळलं की त्यानं ओरडायचं आणि तिनं थांबायचं. तीन वर्षांपूर्वी दोघांनी हेच काम असंच केलं होतं. तेव्हा लिटरच्या एकाच डब्यात काम भागलं आणि दुसरा न फोडताच उरला. पुस्तकात तर दोन लिटर लिहिलंय, असं ती म्हणाली, तेव्हा तो हसला होता. "कंपन्यांना डबे खपवायचे असतात, अगं." आज तोच उरलेला डबा फोडला होता. शिवाय एक नवा आणून फळीवर ठेवला होता, पुढच्या वेळेसाठी.

मघाशी जुनं तेल सोडलं तेव्हा टबात जेमतेम लिटरभर पडलं. काळंकुट्ट होतं आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. पण जेवढं घातलं तेवढं निघालं म्हणून तो खूशच झाला होता.

"डबा संपला की हो," ती म्हणाली. "आलं?"

भोकाची कड कोरडी होती. त्यानं नळीच्या बाजूनं बोट आत घातलं. बोटालाही काही लागलं नाही.

"मागच्या वेळी एकातच आलं होतं ना?"

आलं होतं. का आलं होतं, तेही त्याला आत्ता कळलं. मागच्या वेळी त्यानं गाडी फक्त पुढून उचलली होती. गाडी नाक वर करून उभी राहिली, तेल भोकाच्या बाजूला कललं आणि पेटी भरायच्या आतच बाहेर आलं. आज गॅरेजवाल्यानं चार स्टँड दिले होते. "चारही चाकं सारखी उचला," असं दोनदा बजावलंही होतं. म्हणून आज गाडी सपाट होती. म्हणजे तीन वर्षं गाडी निम्म्या तेलावर पळत होती.

आणि तीन वर्षं तो बायकोला बोलत होता.

ते तेल बदलल्यावर महिन्याभरातच तिसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला. "क्लच पूर्ण दाब! गिअर टाकतेस की खडी फोडतेस?" दर आवाजाला ती "सॉरी" म्हणायची. त्याच्या हातूनही आवाज यायचा, पण तो तिनं बिघडवून ठेवलेल्या गिअरचा. चार माणसं जमली की तो तोंडानं खर्र करून तिची नक्कल करायचा. त्याचा धाकटा भाऊ तर तिला गिरणीवहिनीच म्हणायला लागला. तीसुद्धा हसायची. मग एके दिवशी तिनं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली, ती पुन्हा काढली नाही. दवाखान्यातल्या कामाला ती दोन बस बदलून जायला लागली. "बसमध्ये डुलकी काढता येते," म्हणाली, आणि त्यानं ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

"गळत असेल कुठून तरी," तो खालून म्हणाला. तोंडातून आधी तेच निघालं.

त्याला तिच्या चपला दिसत होत्या. मग गुडघे टेकलेले दिसले, मग तिचा चेहरा आडवा होऊन गाडीखाली आला. तिनं फरशीवरून हात फिरवला आणि तळवा पाहिला.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "फळीवरचा आणू?"

"आण."

ती दुसरा डबा ओतायला लागली. नळीतून तेल उतरतानाचा बारीक आवाज ऐकत तो पडून राहिला. डबा जवळजवळ रिकामा झाला तेव्हा भोकातून तेल आलं आणि त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"आलं," तो म्हणाला. आणि तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून पुढचंही म्हणाला, "मागच्या वेळी माझं चुकलं. गाडी तिरकी होती. निम्मंच तेल भरलं मी."

त्यानं भोकातली नळी ओढून काढली.

"तो आवाज त्याचा होता. तुझ्या हाताचा नव्हता."

तिच्या चपला होत्या तिथंच होत्या. रिकाम्या डब्याला तिनं झाकण लावलं, ते अगदी शेवटपर्यंत पिळून घट्ट केलेलं त्याला ऐकू आलं.

"बोल्ट बसवा आधी," ती म्हणाली. "तेल जातंय."

त्यानं बोल्ट आवळला, गाडी खाली उतरवली, साबणानं दोनदा हात धुतले. एक शब्द राहिला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तो शब्द तिला कधी म्हटल्याचं त्याला आठवेना. गाडीत बसल्यावर म्हणू, असं त्यानं ठरवलं आणि खिळ्यावरची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"तू चालव."

ती सवयीनं पलीकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. तिथून वळसा घालून परत आली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी पहिल्यावर नेली, मोठ्या रस्त्यावर दुसरा टाकला. तो समोर बघत तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होता.

तिसऱ्यासाठी तिनं क्लच पार तळाला दाबला, खांदे आवळले आणि दांडा पुढे ढकलला. गिअर निमूट पडला. कसलाही आवाज झाला नाही.

"सॉरी," ती म्हणाली.