मॉडेलाबरहुकूम जीप

"पंत, पुढं बसा. या गाडीचे बाप तुमी हायत," अमरसिंगभाऊ म्हणाले, आणि बंडोपंतांना आयुष्यात पहिल्यांदा जीपची पुढची सीट मिळाली. गळ्यात झेंडूचा हार पडला. मागं पेमा मिस्त्रीला बळंच बसवलं, त्याला हार नाही. औंढ्याला नागनाथापुढं गाडीची पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि तोवर गाडी कुणीच चालवायची नाही, असा भाऊंचा हुकूम होता. म्हणून आज पहिला फेरा, तोही ड्रायव्हरला घरी ठेवून, भाऊंच्या स्वतःच्या हातानं.

आता बंडोपंत म्हणजे काय असामी, ते सांगायलाच पाहिजे. सगळी हयात हिंगोलीत कारकुनीत गेली. सायकलीपलीकडं वाहन म्हणून कधी चालवलं नाही. पण अमेरिकेतला भाचा विश्वजीत मासिकं पाठवायचा, त्यात हॉट रॉड नावाच्या गाड्यांचे फोटो असायचे. जुन्या गाडीचं टप कापायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं, मागं जाडजूड चाकं लावायची आणि अंगावर आगीच्या ज्वाळा रंगवायच्या. तिकडचे लोक हौसेनं असलं करतात म्हणे. पंतांनी ते फोटो पाहिले आणि त्यांना खूळच लागलं. आठ वर्षं बसून त्यांनी पत्रा, रिकाम्या रिफिली, घड्याळाचे स्क्रू आणि सायकलच्या ट्यूबचं रबर यांतून वीतभर लांबीच्या नऊ गाड्या केल्या. फोटोत सीटची शिवण दिसली तर गाडीत शिवण, फोटोत ओरखडा तर गाडीत ओरखडा.

गंगूताई आल्यागेल्याला काचेचं कपाट दाखवून म्हणायच्या, "आमच्या ह्यांची खेळणी." पंतांच्या काळजाला घरं पडायची. खेळणी काय, खेळणी! एकास चोवीस प्रमाण म्हणजे काय, हे या गावात कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

तेवढ्यात हिंगोली जिल्हा झाली, आणि जिल्हा झाला म्हटल्यावर गल्लोगल्ली नेते उगवले. सगळ्यांच्या बुडाखाली सारखीच पांढरी जीप. अमरसिंगभाऊंना हे पटेना. एकदा मतं मागायला ते पंतांच्या घरी आले, कपाटापुढं उभे राहिले आणि तिथून हलेचनात.

"पंत, हे खेळणं न्हाई. ही इंजिनिअरिंग हाय. माझी जीप बराबर अशीच करून द्या."

पंतांना तिथल्या तिथं रडू आलं. आठ वर्षांत एक माणूस हे बोलला, मग तो मतासाठी बोलला असला तरी काय बिघडलं?

दुसऱ्या दिवसापासून पेमाच्या गॅरेजात स्टुलावर पंत आणि टेबलावर भाऊंनी निवडलेलं मॉडेल. हातात फूटपट्टी आणि भिंग. वीस वर्षं गाड्या उघडण्यात गेलेल्या पेमाला त्यांनी पार भंडावून सोडलं. ज्वाळा बोटभर वर गेली, पुसून टाक. बोल्ट एक जास्तीचा दिसतो, काढून टाक. दहाव्या दिवशी पेमा डोकं खाजवत जीपखालून बाहेर आला.

"पंत, एक अडचण येऊन राहिली..."

"अडचण मला सांगू नकोस. मॉडेलात आहे ते गाडीत पाहिजे, मॉडेलात नाही ते गाडीत दिसता कामा नये. तू अक्कल चालवायची नाहीस, हात चालवायचे."

शेजारी उभ्या असलेल्या भाऊंनी मान डोलावली. पेमा "बराबर" म्हणाला आणि पुन्हा जीपखाली शिरला.

आज गावातून गाडी पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं निघाली. पुढं हलगीवाले, त्यांच्या मागं गाडी, थांबायचं कामच पडलं नाही. "बॉनेट चोरीला गेलं काय हो?" एका म्हाताऱ्यानं कळवळून विचारलं. पंतांनी ऐकलंच नाही. गाव मागं पडलं तशी भाऊंनी गाडी पळवली. उघड्या इंजिनाची धग तोंडावर यायची, हार गळ्यात फडफडायचा. आपल्याला या गाडीत गंगूनं बघायला पाहिजे होतं, असं पंतांना फार फार वाटलं.

मग औंढ्याआधीचा उतार लागला. पायथ्याशी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, चांगली शंभरेक मेंढरं. भाऊंचा पाय खाली काहीतरी चाचपू लागला. त्यांनी वाकून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पंत, ब्रेक कुठं हाय?"

पंतांनी पाहिलं. खाली पायडल दोनच होते, गोल, पितळी, घासून चकचकीत केलेले. फोटोतल्यासारखे हुबेहूब. तसल्या घटकेलाही पंतांना जरा बरं वाटलं. मग विश्वजीतचं पत्र आठवलं. तिकडच्या त्या गाडीत गिअर आपोआप पडतात, मामा, तिला क्लच नसतोच. हाताच्या ब्रेकचा दांडा फोटोत दिसत नव्हता, म्हणून तो मॉडेलात नव्हता, आणि मॉडेलात नव्हता म्हणून आता गाडीतही नव्हता.

"पेमा," पंत मागं वळले, "ब्रेक?"

पेमानं गाडी सुटल्यापासून दोन्ही हातांनी सीट आवळून धरली होती.

"त्या दिवशी मी तेच तर सांगून राहिलो होतो. जीपला पायडल तीन, तुमच्या मॉडेलात दोन. क्लच काढला तर गेर पडंना, एक्सिलेटर काढला तर गाडी हालंना. मग जे उरलं ते काढलं, पंत."