वर्तककाकूंचे टोमॅटो

"उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटो नको गं, अळू लाव. पुस्तकातलं ऊन तिथे येत नाही," समोरच्या विंगमधल्या वर्तककाकू म्हणाल्या होत्या. बॉटनीची पदवीधर मी, हसण्यावारी नेलं.

माझी रोपं नुसतीच उंच गेली. त्यांच्या दक्षिणेच्या ग्रिलला मात्र घोसच्या घोस! मी इतकी जळले, की बोलणंच सोडलं. बाळाला भरवताना खिडकीतून त्यांचे टोमॅटो तेवढे मोजायचे. पिकलेला एकही टोमॅटो काकू संध्याकाळपर्यंत झाडावर ठेवत नसत.

परवापासून एकही तोडलेला नाही. आज बुलबुल टोचतायत, तरी काकू हाकलायला आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत. एकट्याच राहतात हो त्या!

बाळाला कांजिण्या आल्यात, मला निघता येत नाही. सोसायटीच्या या ग्रुपवर तुमच्यापैकी कुणी त्यांच्या विंगमध्ये असाल, तर जरा बघून येता का?